डावा हात आधी, तलवार नंतर

मी डावखुरी. लहानपणी जेवताना डावा हात ताटाकडे गेला की आजी त्यावर हलकी चापट मारायची, म्हणून जेवते तेवढी उजव्याने; बाकी सगळं डाव्याने. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी जपानातल्या ओकायामात इआइदोच्या, म्हणजे म्यानातून तलवार काढण्याच्या जपानी कलेच्या, वर्गात पहिल्यांदा गेले, तेव्हा सेन्सेईंना, म्हणजे गुरुजींना, आधी हेच सांगितलं. डावखुरी आहे, तर तलवार उजव्या बाजूला लावू का? वर्गातले चार-पाच जण हसले. सेन्सेई हसले नाहीत. म्हणाले, "तलवार सगळ्यांची डावीकडेच. पण तुझं बरंय. लोकांचा डावा हात जागा करण्यात आमची दहा वर्षं जातात."

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी मूळची पुण्याची, सिंहगड रस्त्यावरची. तिथलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलंय ती कोराकुएन बाग इथे ओकायामात आहे, १७०० साली पूर्ण झालेली. माझा वर्ग भरतो ती व्यायामशाळा त्या बागेपासून सायकलने पंधरा मिनिटांवर. दिवसभर एका कारखान्यात दुभाषीचं काम करते, मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी तलवार. मागच्या वर्षी दुसऱ्या खेपेला चौथा दान, म्हणजे इआइदोतली चौथी श्रेणी, पदरात पडला. आणि पुण्याहून भाचा आणि त्याचे मित्र अधूनमधून फोटो पाठवत असतात: "मावशी, ही कताना घेऊ का? ऑनलाइन स्वस्त मिळतेय."

नको. हे त्या सगळ्यांना एकदाच दिलेलं उत्तर. आता सविस्तर.

त्या स्वस्त तलवारी भिंतीवर लावण्यासाठी असतात. जपानी तलवारीचं पातं मुठीच्या आत बरंच खोलवर जातं. त्या भागाला नाकागो म्हणतात, आणि मुठीतून आरपार घातलेली बांबूची एक छोटी खुंटी, मेकुगी, त्याला जागेवर धरून ठेवते. शोभेच्या तलवारीत बहुतेक वेळा पात्याच्या बुडाशी एक बारीक सळई जोडलेली असते, वर नट. दिसायला तीच, पण दोन-तीनशे वेळा फिरवली की सळई थकते आणि पातं मुठीतून सुटून समोरच्याच्या दिशेने जातं. धार नसलेलं दीड हात लांब पोलादही माणसाला पुरेसं लागतं.

इआइदो म्हणजे काय ते थोडक्यात. म्यानातली तलवार काढता काढताच पहिला वार, मग मुख्य वार, मग पात्यावरचं रक्त झटकल्याची क्रिया, आणि तलवार परत म्यानात. नुकित्सुके, किरिओरोशी, चिबुरी, नोतो. समोर कोणी नसतं. शत्रू मनातल्या मनात उभा करायचा. प्रत्येक ठरलेल्या प्रसंगाची एक कता, म्हणजे हालचालींचा नेमका क्रम, असते. अखिल जपान केंदो महासंघाने १९६९ साली सात कता ठरवल्या, पुढे तीन आणि नंतर आणखी दोन वाढवल्या, अशा आता बारा आहेत. त्यांना सेइतेइ म्हणतात. त्यापलीकडे जुन्या परंपरा. सर्वांत जास्त दिसतात त्या मुसो जिकिदेन एइशिन-र्यू आणि मुसो शिंदेन-र्यू. दोन्ही आपलं मूळ सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुके याच्यापर्यंत नेतात. यातली कुठली निवडावी हा प्रश्न आपल्यासमोर येतच नाही. घराजवळ जो वर्ग असेल, त्याची जी परंपरा, ती आपली.

दांडपट्ट्यासारखं असतं का, असं कोल्हापूरच्या एका मैत्रिणीने विचारलं होतं. नाही. दांडपट्टा फिरत राहतो, थांबला की संपलं. इथे वार होतो आणि सगळं थांबतं, आणि त्या थांबण्याचेच गुण मिळतात.

पहिले तीन महिने

जपानात राहत असाल तर गावच्या व्यायामशाळेच्या सूचनाफलकावर वर्गाचा कागद लावलेला असतो. आधी एकदा नुसतं बघायला जा; त्याला केंगाकू म्हणतात आणि ते कोणी नाकारत नाही. बघताना एकच पाहा. सेन्सेई नवशिक्यांच्या हाताकडे बघतात की स्वतःचीच तलवार चालवत बसतात? आमच्याकडे महिन्याला दोन हजार येन फी आहे. एक येन म्हणजे ढोबळमानाने अर्धा रुपया धरा.

पहिला महिनाभर मला तलवार मिळाली नाही. बसणं, उठणं, चालणं आणि नमस्कार, एवढंच. सेइझा म्हणजे आपलं वज्रासन. आपल्याला ते शाळेपासून येतं, असं वाटून मी खूश होते. पण लाकडी जमिनीवर वीस मिनिटं बसून, पाय बधिर झालेले असताना, हातांचा आधार न घेता एका लयीत उठायचं असतं. चालताना पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. कमरेखालचा भाग पुढे जातो आणि डोकं एकाच उंचीवर राहतं. भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालणारी बाई डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नेमकं कळेल.

गुडघ्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगते. बारापैकी पहिल्या तीन कता वज्रासनातून आहेत, चौथी एक गुडघा उभा ठेवून, बाकीच्या आठ उभ्याने. हाकाम्याखाली, म्हणजे निऱ्यांच्या सैल विजारीखाली, दिसत नाहीत असे पातळ नीपॅड पहिल्या दिवसापासून घाला. दोन हजार येनला मिळतात. मी सहा महिने घातले नव्हते, कारण सत्तरीच्या सेन्सेईंनी घातलेले दिसले नाहीत. एकदा कपडे बदलताना कळलं की तेही घालतात.

दुसऱ्या महिन्यात बोकुतो, म्हणजे लाकडी तलवार. प्रमाण लांबी साधारण १०२ सेंटिमीटर. पांढऱ्या किंवा लाल ओकच्या लाकडाची घ्या. जपानातल्या बहुतेक लाकडी तलवारी मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो शहरात तयार होतात. इआइदोसाठी घेताना प्लास्टिकच्या म्यानासकट घ्या, कारण म्यानाशिवाय डाव्या हाताला कामच नाही. तेवढ्यावर सहा-आठ महिने निघतात. वजनदार बोकुतो घेऊन दंड कमावण्याचा मोह होतो. मी घेतला, आणि खांदे इतके आखडले की पुढचा महिनाभर ते सैल करण्यातच गेला.

घरी रोज शंभर वेळा नुसता वर-खाली वार करा, असं सगळीकडे सांगतात. शंभर नको. तीस करा, पण प्रत्येक वेळी टोक कुठे थांबलं ते बघा. घराचं छत आड येतं, म्हणून मी वज्रासनात बसून करते. तरी एकदा दिव्याची शेड गेलीच.

कपडे: निऱ्या आणि ओबी

वर सदऱ्यासारखा केइकोगी, खाली निऱ्यांचा हाकामा, आणि दोन्हींच्या मध्ये कमरेला ओबी. सुरुवातीला पॉलिएस्टरचा संच घ्या, सगळं मिळून वीस हजार येनमध्ये बसतं. सुती हाकामा सुंदर पडतो, पण धुतल्यावर त्याच्या निऱ्या बसवणं म्हणजे कडक खळ दिलेली नारायणपेठ रोज नेसण्यासारखं. हाकाम्याच्या पुढे पाच निऱ्या. घडी घालताना तो आधी पालथा टाकून मागची बाजू सारखी करायची, मग उलटून पुढच्या पाचही निऱ्या बोटांनी जुळवायच्या, उभ्यात दुमडून तीन भाग करायचे आणि नाड्या आडव्या-तिरप्या गुंफायच्या. साडीची घडी घालता येणाऱ्याला हे दोन दिवसांत जमतं. वर्गातली पोरं दोन वर्षं चुकत होती.

लांबी: नेसून उभं राहिल्यावर पुढची किनार घोट्याला लागावी आणि मागची थोडी वर. लांब झाला तर उठताना पाय अडकतो. बसताना उजव्या हाताच्या तळव्याने हाकाम्याचा डावा पाय आणि मग उजवा पाय बाहेरच्या बाजूला झटकतात. आवाज करायचा नाही, पण कापड गुडघ्याखाली गोळा होता कामा नये.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे ओबी. आणि खरं तर पैसे इथेच घालावेत. ही चार मीटरभर लांब, साधारण अर्धी वीत रुंद, घट्ट विणीची पट्टी. बेंबीच्या खाली, ओटीपोटावर, तीन वेढे. म्यान या वेढ्यांच्या मध्ये जातं. आमच्याकडे अंगाला लागून एक पदर आत ठेवतात, बाकीचे म्यानाबाहेर. ओबी ढिली असली की म्यान लोंबतं, डावा हात त्याला सावरत बसतो आणि मग त्याचं खरं काम राहून जातं. मी पहिलं वर्ष किमोनोवरची गुळगुळीत रेशमी ओबी वापरली, दिसायला छान म्हणून. सेन्सेईंनी एक दिवस मला उभं केलं, मुठीला दोन बोटं लावून म्यान मागेपुढे हलवलं. सगळा डोलारा हलला. "तू डाव्या हाताने तलवार धरून ठेवतेस," म्हणाले, "ते ओबीचं काम आहे." दुसऱ्या दिवशी खरखरीत सुती ओबी आणली.

तलवार कमरेला लागली की त्सुबा, म्हणजे मुठीपुढची गोल चकती, बेंबीच्या समोर यायला हवी. म्यानाच्या खुंटाला बांधलेली दोरी, सागेओ, हाकाम्याच्या नाडीला अडकवतात. गाठ ओढताच सुटणारी असावी.

मग इआइतो

सरावाच्या तलवारीला इआइतो म्हणतात. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं पातं, वर मुलामा, धार नाही. जपानात हे पातं लोखंडाचं नसतंच. पोलादी पातं आलं की कायदा बदलतो, त्याबद्दल पुढे. बाकी सगळं खऱ्यासारखं: होनोकी लाकडाचं म्यान, मुठीवर पाकट माशाचं खरखरीत कातडं आणि त्यावर गुंडाळलेली फीत. ते कातडं बघून मला रत्नागिरीच्या बाजारात पडलेली पाकट आठवली होती, आणि सेन्सेईंना सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "तुम्ही ती खाता?"

लांबी शाकू, सुन आणि बू या जुन्या मापांत सांगतात. एक शाकू ३०.३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग सुन, त्याचा दहावा बू. मूठ यात धरत नाहीत, फक्त पातं. दुकानात उंचीनुसार तक्ता असतो, पण तो सुरुवातीपुरता. उभं राहा, तलवार त्सुबापाशी उजव्या हातात धरून हात सरळ खाली सोडा. टोक जमिनीपासून बोटभर वर राहिलं तर माप जवळपास बरोबर. माझी उंची १५८ सेंटिमीटर. वर्गातली उसनी तलवार २ शाकू ४ सुन ५ बूची, म्हणजे ७४ सेंटिमीटर होती, आणि तिचं टोक म्यानातून सुटेपर्यंत माझा उजवा खांदा कानाला लागायचा. शेवटी घेतली ती २ शाकू २ सुन ५ बूची, ६८ सेंटिमीटरची.

लांब तलवार शोभते म्हणून घेऊ नका. पण फार आखूडही नको. आखूड तलवार उजव्या हाताने सहज निघते आणि डावा हात आळशी होतो. डावा हात पूर्ण मागे गेला तरच निघेल आणि तो गेला की मोकळी निघेल, ती लांबी तुमची. म्हणूनच वर्गात किमान सहा महिने उसन्या तलवारीवर काढा. पहिल्या महिन्यातली तुमची लांबी आणि आठव्या महिन्यातली लांबी एक नसते, कारण मध्ये डावा हात शिकलेला असतो.

वजन म्यानाशिवाय आठशे ग्रॅमच्या आसपास असावं. त्याहीपेक्षा तोल महत्त्वाचा. दुकानात दोन्ही हातांनी समोर धरा आणि तीस श्वास मोजा. टोक खाली ओढायला लागलं तर परत ठेवा. पात्यावर लांब पन्हळ असते, तिने वजन कमी होतं आणि वार सरळ गेला की सूं असा आवाज येतो. नवशिक्यांचा जीव या आवाजावर. रुंद पन्हळीची तलवार थोडा वाकडा वार गेला तरी गाते, हे लक्षात ठेवा. माझी अरुंद पन्हळीची आहे. कमी गाते, खरं गाते. साठ हजार येन पडले आणि मापाने बनवून यायला अडीच महिने लागले.

उजव्या हाताने तलवार काढू नका

आता मुख्य गोष्ट. म्यानाच्या तोंडाला कोइगुची म्हणतात, कोई माशाचं तोंड. डाव्या हाताची मूठ त्याभोवती. अंगठ्याने त्सुबा पुढे ढकलली की घट्ट बसलेलं पातं जरासं सुटतं. उजवा हात मुठीवर अलगद ठेवायचा, फूल खुडताना ठेवतो तेवढाच. आणि मग तलवार म्यानातून ओढायची नाही, म्यान तलवारीवरून मागे न्यायचं. यालाच सायाबिकी म्हणतात.

हे अंगात यायला एक सराव उपयोगी पडला. तलवार अर्धी काढा. उजवा हात भिंतीला खिळल्यासारखा स्थिर. आता फक्त डाव्या हाताने म्यान ओबीतून मागे, पाठीच्या कण्याकडे न्या, इतकं की टोक मोकळं झालंच पाहिजे. आधी जमत नाही, कारण डावं कोपर मागे जातच नाही. बरगडीखालचा एक स्नायू दुखायला लागतो. तो दुखला की समजा बरोबर चाललंय. दिवसाला दहा वेळा, हळू. शेवटच्या वीतभर अंतरात म्यान बाहेरच्या बाजूला आडवं फिरतं आणि वार आडवा सुटतो. पहिल्या कतेत, 'माए'मध्ये, तो समोर बसलेल्याच्या कानशिलावर जातो. मग डावा गुडघा पुढे घेत तलवार डोक्यावर, आणि सरळ खाली.

तुमचा उजवा हात जास्त ओढतोय का, हे म्यान सांगतं. सरावानंतर ते उपडं करून पांढऱ्या कागदावर हलकं ठोका. लाकडाचा भुसा पडला तर पातं आतल्या भिंतीला घासतंय. इआइतोने फक्त म्यान झिजतं. धारेची तलवार म्यान चिरून थेट डाव्या हाताच्या बोटांवर येते.

खाली येणारा वारही डाव्या हाताचाच. डाव्या करंगळीने मुठीचं टोक धरायचं, उजवा हात त्सुबाच्या मागे, दोघांमध्ये दोन बोटांचं अंतर. उजवा फक्त दिशा देतो. वार थांबताना दोन्ही हात आतल्या बाजूला वळतात. जपानीत याला चाकिन शिबोरी म्हणतात, चहाच्या विधीतलं फडकं पिळणं. आपण ओट्यावरचं ओलं फडकं पिळतो तेच. करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी सैल. जोर खांद्यातून आला की टोक थरथरतं आणि ते सगळ्या हॉलला दिसतं.

आणि नोतो. तलवार परत म्यानात घालणं. चित्रपटात हे एका झटक्यात होतं, आणि नव्या पोरांना नेमकं तेच हवं असतं. डावा अंगठा आणि तर्जनी यांनी म्यानाचं तोंड जवळजवळ झाकायचं, मधे फक्त एक चीर. पात्याची पाठ त्या चिरेवर टेकवून, त्सुबाकडून टोकापर्यंत सरकवत न्यायची, टोक चिरेत पडलं की धार वरच्या बाजूला ठेवून आत. इथेही म्यान पुढे येऊन टोकाला घेतं आणि मग दोघं एकमेकांच्या दिशेने जातात. नजर खाली नाही. समोर, दूरचा डोंगर बघावा तशी.

दुसऱ्या वर्षी पाहुणे आले होते, म्हणून मी जरा वेगात केलं. इआइतोला धार नसते, टोक मात्र असतं. ते अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात घुसलं. दोन टाके. हात डावा, म्हणजे माझा लिहिण्याचा हात, त्यामुळे दोन आठवडे उजव्या हाताने सह्या केल्या. सेन्सेईंनी बरं वाटल्यावर एवढंच विचारलं: तलवार आत जाईपर्यंत शत्रू मेलेला होता का? म्हणजे, माझं लक्ष पाहुण्यांकडे होतं. वार झाल्यावरही टिकणाऱ्या त्या सावधपणाला झानशिन म्हणतात, आणि परीक्षक तिथेच नापास करतात. माझी चौथ्या दानाची पहिली परीक्षा तिथेच गेली. तुम्हाला सांगते, पहिले तीनशे नोतो मोजून, पाच सेकंदांत एक, असे करा. वेग आपोआप येतो, बोटं परत येत नाहीत.

दानांचं गणित साधं आहे. पहिल्यानंतर दुसऱ्याला किमान एक वर्ष, तिसऱ्याला आणखी दोन, चौथ्याला तीन, असं वाढत जातं. आठव्यासाठी सातव्यानंतर दहा वर्षं आणि वय किमान ४६. स्पर्धेत दोघं शेजारी उभे राहून सहा मिनिटांत पाच कता करतात आणि तीन पंच लाल किंवा पांढरं निशाण उचलतात. शेजारच्याकडे बघायचं नाही हे सोपं वाटतं.

निगा

सरावाआधी मेकुगी तपासा. दोन्ही बाजूंना अंगठा फिरवा. ती सैल झाली असेल किंवा वर आली असेल तर त्या दिवशी तलवार म्यानाबाहेर नाही. एक जादा मेकुगी पिशवीत असू द्या, बांबूचीच. पेन्सिलीचा तुकडा खुपसणारा माणूस मी पाहिलाय.

सरावानंतर पातं मऊ सुती फडक्याने, पाठीच्या बाजूने धरून, मुठीकडून टोकाकडे पुसायचं. हाताचा घाम मुलाम्याला डाग पाडतो. खऱ्या तलवारीला लवंगेचं तेल लावतात आणि जुनं तेल काढायला दगडाच्या बारीक भुकटीची पुरचुंडी थोपटतात. इआइतोवर ती भुकटी वापरू नका, ओरखडे येतात. चुकूनही कशावर आपटू नका. मिश्रधातू वाकतो किंवा मुठीच्या आत, दिसणार नाही अशा जागी, तडकतो.

म्यान लाकडाचं, म्हणून ऋतू मानतं. जूनमधल्या पावसाळ्यात फुगून घट्ट होतं, हिवाळ्यात सुकून इतकं सैल की वाकलं तर तलवार आपसूक घसरते. तोंडाच्या आत, वरच्या-खालच्या कडेला, लाकडाची कागदासारखी पातळ पट्टी चिकटवली की बसतं. उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका.

दुसऱ्याच्या तलवारीला न विचारता हात लावायचा नाही, आणि जमिनीवरच्या तलवारीवरून ओलांडायचं नाही. दसऱ्याला शस्त्रं पूजणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कायदा आणि पुणे

जपानात धारेच्या खऱ्या तलवारीची नोंद प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे असते. नोंद तलवारीची, माणसाची नव्हे. मालक बदलला की वीस दिवसांत कळवायचं. हा १९५८ चा कायदा. इआइतोला नोंद लागत नाही, पण योग्य कारणाशिवाय ती घेऊन फिरताही येत नाही. म्हणून ती बंद पिशवीत, थेट वर्गात आणि थेट घरी. नदीकाठी बागेत इआइतो काढून सराव करणाऱ्याकडे पोलीस येतातच.

खरी तलवार कधी? सेन्सेई विचारतील तेव्हा. तोवर ओकायामाजवळच्या ओसाफुनेला जा. शेकडो वर्षं जपानातल्या सर्वाधिक तलवारी या गावाने घडवल्या. तिथल्या संग्रहालयात महिन्यातून एका रविवारी लोहार सगळ्यांसमोर पोलाद ठोकतात. तापलेल्या गोळ्यावर तीन घण आळीपाळीने पडतात, एक ठोका चुकत नाही. ते बघितल्यावर हातातल्या साठ हजारांच्या मिश्रधातूबद्दल माणूस जरा नम्र होतो. ओसाफुने ज्यात येतं त्या सेतोउची शहराने तर २०२० साली 'सांचोमो' ही याच भागातली, राष्ट्रीय ठेव असलेली जुनी तलवार पन्नास कोटी येन उभे करून परत आणली, त्यात लोकवर्गणी होती.

भारतात मी इआइतो नेत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. माझ्या तलवारीला धार नाही हे विमानतळावर रात्री दोन वाजता समजावत बसण्याची माझी तयारी नाही. पुण्यात आईच्या गच्चीवर बोकुतो आणि प्लास्टिकचं म्यान पुरतं. समोरच्या इमारतीतली मुलं पहिल्या दिवशी ओरडतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात.

व्हिडिओ बघून शिकता येईल का, असं भाचा विचारतो. बसणं, चालणं, ओबी बांधणं आणि म्यान मागे नेणं एवढं येईल. वार नाही, वाकडा वार स्वतःला सरळच दिसतो. यंदा दिवाळीला त्याच्यासाठी बोकुतो घेऊन जाणार आहे. तोवर आईच्या जुन्या सुती साडीची चार मीटर पट्टी कापून, दोनदा दुमडून, कमरेला तीन वेढे घ्यायचे, त्यात लाटणं खोचायचं आणि ते न हलवता घरभर चालायचं, असं त्याला सांगून ठेवलंय. परवा त्याने फोटो पाठवला. लाटणं उजवीकडे खोचलं होतं.